रेलीनची कोंबडी आणि ग्वेंडाचे हात

रेलीन नॉस्कीच्या पट्ट्याला एक कोंबडी लटकलेली असायची. खरी नव्हे, प्लास्टिकची. पिवळी, लाल तुऱ्याची, अंडी उकडताना वेळ लावायला स्वयंपाकघरात ठेवतात तसली. मान पिळली की टिकटिक करायची आणि वेळ झाली की कर्कश वाजायची. कुलबारा गावच्या आमच्या बारा खाटांच्या दवाखान्यात कुणाच्या कमरेला शेक लागला किंवा कुणाच्या मुरगळलेल्या घोट्यावर बर्फ ठेवला, की रेलीन कोंबडीची मान पिळणार. पाच मिनिटांनी ती ओरडली की डॉक्टर बोलत असोत नाहीतर पाद्री प्रार्थना म्हणत असोत, बाई उठून जाणार, फडकं उचलून कातडी बघणार आणि परत येऊन मान पिळणार. गाव तिला मागून कोंबडीबाई म्हणायचं. तिला ते ठाऊक होतं.

नव्या नर्स मुली तिला टरकून असायच्या.

"शेक देण्याआधी पेशंटला काय विचारायचं?" रेलीन विचारायची.

"कुठं दुखतंय ते," एखादी म्हणायची.

"दुखतंय म्हणूनच मागतोय ना तो! दुखतंय ते त्याला कळतंय. गरम कळतंय का, ते विचार. डोळे मिटायला सांग. एक गरम बाटली, एक गार बाटली, आलटून पालटून लाव आणि ओळखायला सांग. ओळखता आलं नाही तर शेक नाही. रडला तरी नाही. तुझा सख्खा बाप असला तरी नाही."

"आणि ओळखलं तर?"

"तर आधी आपल्या मनगटावर लावून बघ. मग मध्ये टॉवेल. वरून ठेवायचं, अंगाखाली कधीच नाही. वीस मिनिटांच्या वर नाही. आणि पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. पाच म्हणून सात करणारी माणसं दवाखान्यात नकोत मला, त्यांनी पोस्टात जावं."

बर्फाचंही तेच. फुटबॉलच्या दिवसांत दर शनिवारी कुणीतरी दांडगा गडी गोठवलेल्या वाटाण्याचं पुडकं उघड्या पायावर दाबून लंगडत यायचा. रेलीन ते पुडकं हिसकावून घ्यायची. "कापड कुठंय रे? घोटा सुजलाय तो उतरेल, पण कातडी बर्फानं पोळली तर पुढच्या शनिवारी बूट कशावर घालशील? वाटाण्यावर?" गडी ओशाळून हसायचा. त्याच्या आईलाही रेलीननं कधीतरी असंच झापलेलं असायचं.

आता वाटेल की बाई फार शिस्तीची आणि फार शहाणी. होतीच ती. पण हे शहाणपण कुठून आलं, ते कुलबारात दोघांनाच ठाऊक होतं. एक क्लॅरी ट्रेगेन्झा, आणि तो गावाबाहेरच्या दफनभूमीत जाऊन झोपला होता. दुसरी ती स्वतः.

आणि ज्या तिसऱ्या माणसाला ते कळायला हवं होतं, ती ग्वेंडा लीनर्ट. तिला एकोणीस वर्षं कुणी सांगितलं नाही.

ग्वेंडा म्हणजे दवाखान्याच्या महिला मंडळाचा उजवा हात, आणि हे मी उगाच म्हणत नाही, शिवणकाम सगळं तिच्याच हातचं. तेव्हा शेकायला गव्हाच्या पिशव्या असायच्या. जुन्या फ्लॅनेलच्या कापडाची लांबट पिशवी, आत गहू, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं फिरवली की अंगाला लागून बसणारी ऊब. गव्हाच्या गावाला गहू काय तोटा! ग्वेंडा आपल्याच शेडमधला गहू भरायची आणि कापड म्हणून गावभरातले जुने पायजमे गोळा करायची. त्यामुळे दवाखान्यात कुणाच्या मानेवर निळ्या पट्ट्यांची पिशवी दिसली की भेटायला आलेल्या बायका म्हणायच्या, "अगबाई, हा तर आमच्या ह्यांचा पायजमा!" आणि हसून हसून बेजार व्हायच्या. पेशंटच्या हातात पिशवी देताना ग्वेंडा स्वतः शिवण ओढून बघायची. एक टाका उसवला तरी पिशवी परत घरी.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरातला तो शनिवार. गावाच्या फुटबॉल संघाची अंतिम लढत, तीही घरच्या मैदानावर. दवाखान्यात सहा पेशंट, रेलीन आणि आचारीणबाई डल्सी, बाकी सगळं गाव कुंपणाला गाड्या लावून मैदानाभोवती. आमच्याकडच्या फुटबॉलात एका गोलाचे सहा गुण; गोल झाला की गाड्यांचे भोंगे वाजायचे, ते खाटांपर्यंत ऐकू यायचे. रेलीन तेहेतीस वर्षांची. तिचा नवरा ट्रेव्हर संघाचा पुढचा खेळाडू. दवाखान्याच्या धुलाईखोलीच्या पायऱ्यांवरून मैदानाचं एकच टोक दिसायचं, आणि सामन्याच्या शेवटच्या चौथ्या भागात ट्रेव्हर नेमका त्याच टोकाला खेळणार होता.

क्लॅरी तीन नंबरच्या खाटेवर होता. आयुष्यभर गव्हाच्या कोठारावर पोती आणि पट्टे ओढलेला माणूस, कंबर गेलेली, वर पंधरा वर्षांची शुगर. पायांना काही कळेनासं झालं होतं. रेलीनला ते पक्कं माहीत होतं. म्हणून तिनं गव्हाची पिशवी टॉवेलात गुंडाळून कमरेवर ठेवली, पायाजवळ नाही. तिथपर्यंत तिचं काहीच चुकलं नव्हतं.

"पाच मिनिटांत बघून जाते," ती म्हणाली.

"अगं जा, ट्रेव्हर आता आपल्या टोकाला आलाय," क्लॅरी म्हणाला. "मी भोंगे मोजतो, तू गोल बघ. आल्यावर ताळा जमतो का पाहू."

ती पायऱ्यांवर गेली. डल्सी आधीच तिथं सुपाचा डाव हातात घेऊन उभी होती, ती लगेच सूप हलवायला आत गेली. पाच मिनिटांत ट्रेव्हरनं एक गोल केला, आता दुसरा बघूनच जाऊ असं तिला वाटलं. मग दुसरा हुकला. मग गुणफरक एवढा कमी झाला की पाय हलेना. शिट्टी वाजेपर्यंत चाळीस मिनिटं गेली होती.

ती आत आली तेव्हा क्लॅरी डोळे मिटून पडला होता. ती गेल्याबरोबर त्यानं पिशवी टॉवेलातून काढून खाली सरकवली होती, कारण कमरेपेक्षा पाय गार होते. एका टाचेखाली पिशवी, वर घोंगडी, वर दुसरा पाय. तिनं घोंगडी उचलली. टाच आणि तळवा पांढरा झाला होता, मेणासारखा, आणि कडेनं फोड धरत होता.

"दहा भोंगे," क्लॅरी म्हणाला. "जमला का ताळा?"

त्याला काहीच दुखत नव्हतं. तेच तर वाईट होतं.

जखम भरली नाही. आधी बोटं गेली, मग ॲडलेडला नेऊन गुडघ्याखालून पाय काढला. वरच्या कचेरीतून एक बाई चौकशीला आली, हातात पुठ्ठ्याची फाइल. तिनं विचारलं, "पिशवी ठेवल्यावर किती वेळानं पाहिलंत?" रेलीन म्हणाली, "दहा मिनिटांनी." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, तिनं पुढे म्हटलं, "घरी शिवलेली होती. त्यात गहू कसला भरला होता कोण जाणे. फार तापली असेल."

हे शेवटचं वाक्य. ते बोलायची काहीच गरज नव्हती. रेलीननं पुढं हजार वेळा ते तोंडातल्या तोंडात परत गिळून पाहिलं.

क्लॅरीलाही विचारलं. तो भोंगे मोजत होता, त्याला वेळ बरोबर ठाऊक होता. "पोरगी लगेच आली होती," एवढंच तो म्हणाला. अशा माणसांचा राग यावा की पाया पडावं, मला अजून कळलेलं नाही.

अहवालात आलं ते असं, की घरगुती पिशवीतलं धान्य जास्त कोरडं असावं आणि ती प्रमाणाबाहेर तापली असावी. यापुढे महिला मंडळाच्या पिशव्या दवाखान्यात नकोत. मंडळाला तसं पत्र गेलं. ते डल्सीच्या बहिणीनं, ती चिटणीस होती, सभेत वाचून दाखवलं, आणि वाचताना ग्वेंडाकडे पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. कुणी एक शब्दही टोचून बोललं नाही, आणि ग्वेंडाला ते जास्त लागलं.

कारण तिला वाटलं, खरंच असेल. त्या वर्षी दाणा बारीक आला होता, उन्हानं आक्रसलेला, हलका. चांगला गहू विकून तिनं तो पिशव्यांत भरला होता. तिनं घरातल्या, शेजारच्या, सगळ्या पिशव्या परत मागवल्या, शिवण उसवली आणि गहू कोंबड्यांना घातला. मंडळ सोडलं. आणि क्लॅरीच्या सगळ्या विजारी घरी नेऊन प्रत्येकीचा डावा पाय गुडघ्याशी नीट दुमडून शिवून आणला. पुढं सहा वर्षं, तो मरेपर्यंत, नवी विजार आली की ती ग्वेंडाकडे जायची.

"तुझी काही चूक नाही, बाई," क्लॅरी तिला म्हणायचा. ती समजायची, बिचारा चांगुलपणानं बोलतोय.

रेलीन दोनदा तिच्या फाटकापर्यंत गेली. एकदा जर्दाळूचा केक घेऊन. गाडी चालू ठेवूनच बसून राहिली आणि परत आली, केक ट्रेव्हरनं खाल्ला. सांगितलं तर नोकरी जाईल, ही भीती पहिली दोनतीन वर्षं खरी होती. त्यानंतर ती फक्त सबब होती, आणि रेलीनला हेही कळत होतं. तिनं कोंबडी विकत आणली, पट्ट्याला अडकवली आणि दुसऱ्यांना नियम शिकवायला लागली. पिशवीनं माणूस पोळला नव्हता, उठून गेल्यानं पोळला होता. हे ती प्रत्येक नव्या मुलीला शिकवायची, फक्त उठून कोण गेलं ते सांगायची नाही.

दोन हजार बाराच्या जुलैत, ऐन हिवाळ्यात, ग्वेंडा दवाखान्यात आली. चौऱ्याऐंशी वर्षांची, अर्धांगाचा झटका, उजवी बाजू गेलेली. बोलणं शाबूत होतं, आणि जीभही. पहिल्याच दिवशी तिनं भोपळ्याच्या सुपाला नावं ठेवली. हात मात्र बघवत नव्हते. बोटांचे सांधे सुपारीएवढे, बोटं एकीकडे कललेली.

तिची सून कॅरिन सामान लावत होती. ती रेलीनला बाजूला घेऊन म्हणाली, "संधिवात केव्हाचाच आहे, वीस वर्षं तरी. हिवाळ्यात नुसत्या रडायच्या त्या. पण शेक म्हणून घेऊ द्यायच्या नाहीत. गरम पाण्याची रबरी पिशवीसुद्धा घरात आणू देत नाहीत. मी एकदा आणली तर मला म्हणाल्या, 'मी एकाचा पाय घालवलाय, आता मला ऊब नको.' आता तुम्हीच सांगा, अशा बाईला काय समजवायचं?"

रेलीन "हं" म्हणाली. औषधांच्या खोलीत गेली आणि दार लावून कपाटाला टेकून उभी राहिली. एकोणीस वर्षं तिला वाटत होतं, आपण ग्वेंडाचं नाव घालवलं. तेवढंच तिनं हिशोबात धरलं होतं. ही बाई दर हिवाळ्यात गार हात मांडीवर घेऊन शिक्षा भोगत बसली असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या चहाला ती ग्वेंडाच्या खाटेशी खुर्ची ओढून बसली.

"बसतेस काय, पगार उभं राहायचा ना?" ग्वेंडा म्हणाली.

"ग्वेंडा, तुम्हाला एक सांगायचंय. क्लॅरीच्या पायाचं."

ग्वेंडानं कप खाली ठेवला. "तो विषय नको."

"पिशवी जास्त तापली नव्हती. मी माझ्या मनगटावर लावून पाहिली होती, बरोबर होती. तुमच्या गव्हात काही खोट नव्हती. मी तिला त्याच्या कमरेवर ठेवून पायऱ्यांवर मॅच बघत उभी राहिले. पाच मिनिटं म्हणून गेले आणि चाळीस मिनिटांनी आले. त्यानं ती पायाखाली घेतली होती. चौकशीत मी दहा मिनिटं सांगितली. आणि पिशवीचं नाव घेतलं."

बाहेर कुणीतरी चहाची गाडी ढकलत नेली.

"क्लॅरीला माहीत होतं?"

"होतं."

"म्हणून म्हणायचा तो." तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, दुसऱ्याचं लेकरू उचलावं तसा. "सगळ्या पिशव्या उसवल्या मी. त्रेसष्ट होत्या. कोंबड्या नुसत्या लठ्ठ झाल्या."

"मी मंडळात येऊन सांगते. सगळ्यांसमोर. पुढच्या मंगळवारी सभा आहे."

"कुणाला सांगतेस? डल्सी गेली. तिची बहीण गेली, जिनं पत्र वाचलं. हेझल गेली, मिना गेली. तेव्हाच्या मंडळातली उरलेय कोण? मी. मला सांगितलंस, झाली सभा."

रेलीनला रडू आलं. ग्वेंडानं तिच्याकडे बघायचं टाळलं, मग म्हणाली, "ते पुरे. उजवा हात फार ठणकतोय रात्रंदिवस. माझं काही चुकलं नव्हतं म्हणतेस ना? मग आण शेक. एकोणीस हिवाळे झाले."

रेलीन उठली. आयुष्यात इतक्या घाईनं ती कधी उठली नव्हती. आणि दारापर्यंत जाऊन थांबली, कारण तिला तिचाच नियम आठवला.

ती परत आली ती दोन छोट्या बाटल्या घेऊन, एकीत कोमट पाणी, एकीत बर्फाचं.

"डोळे मिटा, ग्वेंडा. काय लागतंय ते सांगा."

उजव्या हाताच्या पाठीवर गरम बाटली.

"गार," ग्वेंडा म्हणाली.

गार बाटली.

"गारच... नाही, गरम. गरम ना?"

पुन्हा गरम.

ग्वेंडा डोळे मिटून थांबली. "लावलीस का?"

रेलीननं बाटल्या ट्रेमध्ये ठेवल्या. "नाही देता येणार," ती म्हणाली. "ठणका आतला आहे, तो कळतोय तुम्हाला. पण कातडीला गरम गार कळेनासं झालंय. झटक्यानं गेलंय ते. पोळलं तरी समजायचं नाही."

"महिन्यापूर्वी समजत होतं."

"हो."

"गेल्या वर्षी समजत होतं. त्याच्या आदल्या वर्षी पण." ग्वेंडानं आवाज चढवला नाही. "या हातानं शिवायचे मी, रेलीन."

"डॉक्टरांना सांगून ठणक्याचं औषध वाढवून घेते. हाताखाली मऊ उशी देते. आणि डाव्या हाताला सगळं नीट कळतंय, त्याला शेक देता येईल."

ग्वेंडानं डावा हात घोंगडीवर पुढं केला.

रेलीननं गरम पाण्यात टॉवेल बुडवला, पिळला, मनगटावर धरून पाहिला. आधी सुकं फडकं, मग तो टॉवेल, त्यावर आणखी एक. कोंबडीची मान पिळली आणि खुर्चीवर बसली. पहिल्या पाच मिनिटांना कोंबडी ओरडली, रेलीननं फडकं उचललं, कातडी गुलाबी होती. दुसऱ्या पाचांना ओरडली, तेव्हाही. दारातून कुणीतरी हाक मारली, फोन आलाय म्हणून. ती उठली नाही. तिसऱ्या वेळी ती फडकं उचलत असताना ग्वेंडानं विचारलं, "जिंकलो होतो का त्या दिवशी?"

"तीन गुणांनी हरलो."

"म्हणजे पाय गेला तो जिंकण्यासाठी पण नाही."

"नाही."

वीस मिनिटं झाली. रेलीननं टॉवेल काढला, हात टिपून कोरडा केला. बोटं थोडी सैल झाली होती. ग्वेंडानं ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली, आणि बघतच राहिली. एवढा वेळ कोरडे राहिलेले तिचे डोळे तेव्हा भरले.

"एवढंच होतं होय," ती म्हणाली. "एवढ्यानं बरं वाटलं असतं."

रेलीन ट्रे उचलायला लागली.

"उद्या दुसरीला पाठव," ग्वेंडा भिंतीकडे बघत म्हणाली. "तू नको. मला तुझा राग धरायचा नाही, पण तू समोर बसलीस की येतो."

"बरं."

"आणि ती कोंबडी दे तिच्याजवळ. त्या पोरी आजकाल फोन बघत बसतात."

रेलीन बाहेर आली. पॅसेजमध्ये तिनं पट्ट्याची कोंबडी सोडवली आणि नव्या मुलीच्या, टेगनच्या, हातात दिली. "चार नंबर," ती म्हणाली. "फक्त डावा हात. उजव्याला नाही, तिनं कितीही मागितलं तरी नाही. ती मागेल."